वहिनींनी सांगितलेला शेवट

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज गल्लीत विडीच्या तंबाखूचा वास आला आणि आमचं अंगण आठवलं. शेजारणी विड्या वळायच्या, माझ्या विधवा वहिनी त्यांना हेरांच्या ऐतिहासिक प्रेमकथा वाचून दाखवायच्या. कासारीण बनून किल्ल्यात शिरलेली हेर पहारेकऱ्याच्याच प्रेमात पडली, तेव्हा सगळ्या दुखरी बोटं विसरून हसल्या.

मी शाळामास्तर. "वहिनी, तुम्हाला हे शोभत नाही," म्हणालो आणि शेवटचं प्रकरण उरलेलं असतानाच पुस्तक वाचनालयात परत केलं.

"लगीन झालं का न्हाय त्यांचं, वैनी?" दुसऱ्या दिवशी विड्या वळता वळता शेजारच्या यल्लव्वानं विचारलं.

"झालं की! लई थाटात," वहिनी म्हणाल्या. पुन्हा त्यांनी पुस्तक हाती धरलं नाही.

वहिनी गेल्यावर मी ती कादंबरी वाचली, एकटाच हसलो. लग्न खरंच थाटात होतं. "चुकलो, वहिनी," एवढंच सांगायचं राहिलं.