ते आणि आपण

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा फिल्म क्लबमध्ये एक जुना अमेरिकन गुन्हेपट पाहत होतो. खुनी प्रेत लपवतात, जिन्यावर पोलिसांचे बूट वाजतात, आणि सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून धरतं, ते सुटावेत म्हणून! ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, तिच्यात हा जिना नाहीच.

पूर्वी हाच सिनेमा पाहताना याच प्रसंगाला माझी बायको सरोज माझा दंड धरून कुजबुजली होती, "मेलो! आता सापडणार आपण."

"अगं, कादंबरी वाचलीयस ना तू?"

"तिथं ते सापडणार होते हो. इथं आपण!"

कादंबरीचा सिनेमा कसा झाला, हे तिनं एका सर्वनामात सांगून टाकलं. मी तिचं ते वाक्य माझ्या लेखात माझं म्हणून छापलं आणि मोठा समीक्षक ठरलो. तिनं लेख वाचला. "छान लिहिलंत हं," एवढंच म्हणाली.

परवा खेळानंतर एका मुलीनं तेच वाक्य माझ्या नावानं म्हटलं. मी उठून उभा राहिलो. "ते माझं नाही. सरोजचं, माझ्या बायकोचं." टाळ्यांनी प्रेक्षागृह दणाणलं. सगळ्या टाळ्या तिच्या!

"सरोज, चुकलो गं," एवढं मात्र ती होती तोवर मला म्हणता आलं नाही.