बावड्याचा साक्षीदार

दौंडला मोठी गाडी सोडून मी बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा मांडीवर कातडी पिशवी होती आणि पिशवीत एका फाशीचे कागद होते.

मी तेव्हा पुण्यात एल्एल.एम. करत होतो. युद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. जपानी सैनिकांवर जे खटले चालले, त्यांतल्या साक्षींवर माझा प्रबंध होता. पुष्कळ खटल्यांत साक्षीदाराचा जबाब लिहून घेत आणि त्याला बोटीनं मायदेशी धाडत. आरोपीच्या वकिलाला त्याची उलटतपासणी घेताच येत नसे. आमच्या सरांनी मिळवलेल्या एका खटल्याच्या नकलेत मला नाव दिसलं : नाईक (फौजेतला हुद्दा) गणपत, काटेवाडी, तालुका बारामती. त्यानं ओळखपरेडीत बोट दाखवलं आणि एक पहारेकरी फासावर गेला. असा साक्षीदार दीड दिवसाच्या अंतरावर जिवंत आहे, या कल्पनेनं मी हुरळून गेलो होतो.

गाडी इतकी सावकाश चालली होती, की उतारू मध्येच उतरून पाय मोकळे करत आणि पुन्हा चढत. बारामतीला खानावळीत जेवून मी सायकल भाड्यानं घेतली आणि काटेवाडीचा रस्ता धरला. माळरान संपून अचानक हिरवं लागलं. कालव्याचं पाणी, ऊस, वांग्यांचे वाफे. ते बघण्याच्या नादात मी सायकलसकट दंडात (शेताला पाणी नेणाऱ्या चरात) गेलो. पिशवी वर धरली होती म्हणून कागद वाचले. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन गणपतरावांच्या थोरल्या भावाच्या, आबांच्या, दारात उभा राहिलो.

आबांनी पाय धुवायला पाणी दिलं, धारोष्ण दूध दिलं, आणि मग सांगितलं, की गणपत हितं राहत न्हाय. लढाईवरून आल्यावर त्याचं घरात मन लागेना. बायकोच्या माहेरी, बावड्याला, तो माळवं (भाजीपाला) करतो. मी कोर्टाचा माणूस आहे असं त्यांना वाटलं असावं. निघताना ते म्हणाले, "त्याला जास्ती इचारू नका."

दुसऱ्या दिवशी एस्.टी.नं इंदापूर गाठलं. तिथं गाडी बदलायला दोन तास होते. स्टँडवर भजी खात मी प्रश्नांची यादी पुन्हा वाचली. एकवीस प्रश्न होते. आबांच्या बोलण्यामुळे त्यातला एकही मी खोडला नाही.

बावड्याला पोचलो तेव्हा गणपतराव मिरचीचे वाफे भिजवत होते. चाळिशीचे, उंच, एका कानानं कमी ऐकणारे. कशासाठी आलो ते ऐकून त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. बायकोनं, हौसाबाईंनी, बांधावरच भाकरी, भरीत आणि दाण्याची चटणी वाढली. मी जेवता जेवता विचारत गेलो, ते सांगत गेले. सिंगापूरला कैद झाले. तिथून बोटीच्या तळात घालून एका बेटावर नेलं. बरोबर कळस गावचा ज्ञानू होता. दोघे एकाच दिवशी भरती झालेले. ज्ञानूनं तांदूळ चोरला म्हणून एका पहारेकऱ्यानं त्याला सकाळपासून दुपारपर्यंत मारलं. संध्याकाळी तो गेला.

अकराव्या प्रश्नाला मी विचारलं, परेडीत तो माणूस ओळखलात तेव्हा खात्री होती का?

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "दोगं हुते सायेब, सारख्याच अंगाचे. मारताना मी तोंड न्हाय बघितलं, हातच बघत हुतो. परेडीला त्यातला एकच उभा हुता. मी बोट केलं. कुणाकडं तरी करायलाच पायजे हुतं."

मी भराभरा लिहून घेत होतो. प्रबंधाला याहून मोलाचं काय मिळणार होतं? माझं लिहिणं थांबेपर्यंत ते थांबले.

"तुमच्याकडं कागद हायेत. त्येचं म्होरं काय झालं? आमाला तर निकालाच्या आदी बोटीवर बशीवलं."

त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. त्या हाताकडे बघून माझ्या तोंडून निघालं, "सुटला तो."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी उठून पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, "ज्ञानूच्या आईला मी फाशी झाली म्हणून सांगितलंय. म्हातारीला तेवढाच आधार हाय. खोटंच बोललो म्हणायचं मी."

ते नकळत खरं बोलले होते आणि मी जाणूनबुजून खोटं. हे त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण मग फाशीचंही सांगावं लागलं असतं. मी बारावा प्रश्न विचारला.

सकाळी परतीच्या गाडीला ते स्वच्छ धोतर नेसून माझ्याआधी येऊन उभे होते. कळसला जायचं म्हणाले. "म्हातारी थकलीय. खरं कळूनच जाऊ दे."

इंदापूरला गाडी बदलून कळसपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती. पुण्याला मिरचीला भाव कसा, थंडी किती, असं ते विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. फाटा आला. त्यांनी मला रामराम केला आणि उतरले. गाडी हलली तेव्हा ते कच्च्या रस्त्यानं चालू लागले होते. घंटीची दोरी माझ्या डोक्यावर होती. मी ती ओढली नाही.

प्रबंधाला चांगली श्रेणी मिळाली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बावड्याची मुलाखत दोनदा वाचायला लावली आणि असा पुरावा दुर्मीळ असल्याचं म्हटलं. त्या संध्याकाळी मी गणपतरावांना पत्र लिहिलं. खरा निकाल कळवला, क्षमा मागितली. प्रवासात माणसं भेटतात, त्यांचं आपण घेतो आणि गाडी पकडून निघून येतो. न्यायाचा अभ्यास करणाऱ्यानंही तेच केलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पत्र पोचलं, मिरची बरी आली, असं आधी होतं. मग दोन ओळी : "माणूस गेला त्याचं माझं मी बघून घेईन. कळसला आता काय सांगू, तेवढं कळवावं."

त्याला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.