गाळाची पापडी

उन्हाळा चढला की उजनी धरणाचं पाणी मागं सरकतं आणि भिगवणच्या बाजूला गाळाचा वास सुटतो. ओलसर, मातकट, थोडा मासळीचा. परवा एस.टी.च्या खिडकीतून तो आत शिरला, तेव्हा शेजारणीनं नाकाला पदर लावला. मी नाही लावला. त्या गाळानं मला नोकरी मिळवून दिली, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण ते खरं आहे.

पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडं काकड्या, कलिंगडं लावतात. वरची पापडी वाळून पांढरी पडते, भेगाळते, आणि नवखा माणूस बिनघोर पाय टाकतो. आत मांडीपर्यंत चिखल. लहानपणी मीही अशीच रुतले होते. वडिलांनी मला ओढून काढलं. चप्पल मात्र गेली ती गेलीच. तेव्हापासून कुठल्याही कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवर मी आधी टाच दाबून बघते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत बी.एड. करून मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजीच्या जागेसाठी नमुना पाठ द्यायला गेले. ती जागा मला हवीच होती. ती हुकली असती, तर घरचे स्थळं बघायला मोकळे होते. पण जागेचा शब्द आधीच दुसऱ्या कुणाला दिलाय, हे शिपायाच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तात्या दारात उभे राहिले, फळ्याकडं एक नजर टाकली, म्हणाले, "चांगलं हाय, बाई. कळवतो," आणि वळले.

फळ्यावर मी तीन शब्द लिहिले होते : शॅलो, सुपरफिशियल, कर्सरी. नेमकी तेव्हाच पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

"बाई, समद्यांचा अर्थ उथळच की. मग तीन शब्द कशाला?"

पोरीनं माझं कामच सोपं केलं. म्हटलं, "ओढ्यात घोटाभर पाणी असतं, तळ दिसतो, ते शॅलो. त्याला खोलीच नाही. गाळाची पापडी वाळते, पण खाली सगळी ओल असते. ते वाळणं सुपरफिशियल. नुसतं वरवरचं."

"आन् कर्सरी?"

मी दाराकडं बघितलं. तात्या अजून व्हरांड्यातच होते, पाठमोरे. "आत्ता तात्यांनी दारातनं माझा पाठ बघितला ना, तसं. बघणारा उथळ नसतो, घाईत असतो."

तात्या थांबले. चप्पल दाराबाहेर काढली, आत आले आणि मागच्या बाकावर टेकले.

"व्हय, घाईत हुतो," ते म्हणाले. "आता बसलोय. शिकवा."

घंटा होईपर्यंत ते हलले नाहीत. जागा मला मिळाली आणि त्याच शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. तात्या केव्हाच गेले. शाळेला रंग लागला, फळे बदलले, पोरींच्या हातात मोबाइल आले. पण नवं कुणी पाठ द्यायला आलं की मी चप्पल बाहेर काढायची आणि घंटा होईपर्यंत मागच्या बाकावर बसायची. सगळं बदललं असं लोक म्हणतात. मला ते बदलणं पापडीसारखं वरवरचं वाटतं. मी टाच दाबून बघते, खाली अजून तीच ओल लागते.