पाण्यापलीकडची टोपली

आधी बाई पदराचं टोक चिमटीत धरून वर करायच्या. ते कुठल्या बाजूला उडतं ते पाहायच्या. मग पदर कमरेला खोचून, बागेच्या फाटकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात विचारायच्या, "लाइन मोकळी आहे का?"

नदीकाठच्या त्या बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. कदाचित दचकून बाजूलाही झाला असाल. पुढच्या क्षणी एक रंगीत तबकडी तुमच्यासमोरून सूं करत गेली असेल आणि करंजांच्या पलीकडे साखळ्या खणखणल्या असतील. वळून पाहिल्यावर ज्या दिसल्या असतील त्या ह्याच. साठी ओलांडलेल्या, बारीक काठाची सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद.

मी तिथे गेलो तो बातमीसाठी. शहराच्या पानावर तळाशी थोडी जागा होती आणि बागेत 'डिस्क गोल्फ' नावाचा काहीतरी नवा खेळ सुरू झाल्याचं कळलं होतं. गेलो तेव्हा नदीवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. शिरिषांखाली अजून ओल होती. गवतातून जाणाऱ्या पायवाटेवर थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी खांब होते. प्रत्येक खांबाला वरून साखळ्यांचा झुबका आणि त्याखाली टोपली. फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी पक्ष्यांची सोय समजून एका टोपलीत रोज ज्वारी टाकायला सुरुवात केली होती.

"खेळाचे नियम काय?" मी वही काढून विचारलं.

"दगडी चौथऱ्यावरून ही तबकडी फेकायची," त्या म्हणाल्या. "जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. साखळ्यांना लागून टोपलीत पडली की संपलं. कमीत कमी फेकींत जो पोहोचेल तो शहाणा. बातमी उभ्यानेच घेणार आहात, की एकदा फेकून?"

मी फेकली. ती बांबूच्या बेटात गेली.

"राँग नंबर," त्या म्हणाल्या. "होतं असं. पुन्हा फिरवा."

हे शब्द त्यांच्या तोंडी का होते, ते दुसऱ्या खांबापर्यंत कळलं. परगावचा फोन आधी नोंदवावा लागे आणि ऑपरेटर तो जोडून देई, त्या काळात त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. नोकरी संपली, ते एक्स्चेंजही इतिहासजमा झालं, पण बोलण्यातून गेलं नाही. वाटेत कोणी फिरणारा आला की "एंगेज्ड आहे, थांबा." झाडाला आपटून तबकडी परत आली की "लाइन कट झाली." टोपलीत पडली की एकच शब्द, "लागला!"

बिबवेवाडीहून त्या बसने यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा, सून, नातवंडं घरी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून बागेत यायला लागल्या आणि कंटाळल्या. "नुसतं चालणं म्हणजे डायल टोन ऐकत बसण्यासारखं," असं त्यांचं मत. एकदा कोणाची तरी तबकडी त्यांच्या पायाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, ती थेट साखळ्यांत गेली. तसा नेम पुढे महिनाभर लागला नाही. "पण पहिला कॉल लागला ना," त्या सांगायच्या, "मग सवय लागली."

नेहमीचा कंपू लहान होता. कसबा पेठेत अत्तराचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या घराण्याला कसब्यात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि जिभेला कसब्याचीच धार होती. वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी स्कूटरवर यायची. पहिल्या दिवशी तिने बाईंना "आजी" म्हटलं.

"आजी मी घरी," बाई म्हणाल्या. "इथे पार्टनर म्हण. पार्टनर जमत नसेल तर काकू चालेल."

"ओके पार्टनर काकू," मुलगी म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

बातमी छापून आली. तळाची जागा होती, तळालाच आली. मी मात्र दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो, आणि पुढे जातच राहिलो.

आता पाण्यापलीकडच्या टोपलीविषयी. बागेच्या टोकाला नदीचा एक फाटा आत शिरलेला आहे. अलीकडच्या काठावर चौथरा, पलीकडच्या काठावर, एका वाकड्या उंबराजवळ, शेवटचा खांब. मध्ये पाणी. त्यावर बहुतेक दिवस जलपर्णी. सूर्य नदीवरून वर आला की साखळ्या तिकडून चमकतात आणि इकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला खाज सुटते. इतकी सुंदर जागा त्या बागेत दुसरी नाही आणि तबकडी गमावायलाही नाही. पाण्यात बुडाली तर गेलीच. जलपर्णीवर पडली तर आणखी वाईट. ताटलीसारखी समोर दिसत राहते, हाताला येत नाही, आणि तिच्यावर बगळा येऊन बसतो.

म्हणून तिथे एक रिवाज पडला होता. प्रत्येकाच्या पिशवीत एक 'पाण्याची' तबकडी असे. कडा झिजलेली, मऊ पडलेली, कुत्र्याने चावलेलीसुद्धा. पाण्यासमोर आलं की चांगली तबकडी पिशवीत जायची आणि ही बाहेर यायची. रिवाजाचे राखणदार चाचा. "चांगली भांडी पाहुण्यांना," ते म्हणायचे, "फुटकी नदीला."

सगळे तसंच करत. आणि सगळ्यांच्या तबकड्या पाण्यात पडत. मग लाकडी पुलावरून पलीकडे जायचं, तिथल्या गवतात उभं राहून पिशवीतली चांगली तबकडी टोपलीत टाकायची आणि खेळ पुरा झाला म्हणायचं. पलीकडच्या काठावर फेक पोहोचवलेलं माणूस आमच्यात एकही नव्हतं. ह्यात काही गैर आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

बाईंना वाटत होतं. "मुंबई मागितली तर मुंबईच जोडून द्यायची," त्या पुलावरून चालताना धुसफुसायच्या. "लाइन मिळत नाही म्हणून गिऱ्हाईकाला बसने पाठवायचं का?" प्रत्येक रविवारी चौथऱ्यावर त्या सर्वांत जास्त वेळ उभ्या राहत. पदर वर जायचा, लाइन मोकळी आहे का ते विचारलं जायचं, फेक जायची. अर्ध्यावर, कधी त्याच्या थोडं पुढे, तबकडी डगमगायची आणि हिरव्या पानांवर बसायची.

"बगळ्याची खुर्ची आली," चाचा जाहीर करायचे.

हिवाळा सुरू होताना बाईंचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी त्यांनी सांगितलं नाही. मग एक दिवस पदर वर करताना डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला, ते मुलीने पाहिलं.

"काकू, हे काय?"

"खांद्यातलं काहीतरी फाटलंय. येत्या आठवड्यात ऑपरेशन. नंतर पोळ्या लाटता येतील म्हणतात. फेकणं बंद."

"किती दिवस?"

"दिवस नाही विचारले मी. बंद म्हणाले. कायमचं."

मग चाचा म्हणाले, "मग आज खेळू नका, बाई. आणखी फाटेल."

"फाटलंच आहे. रफू करणारा ठरलाय, तारीख ठरलीय. आता रविवार एकच हातात आहे चाचा, आजचा. मला तो पलीकडचा कॉल लावायचाय." आणि आम्हा तिघांकडे पाहून त्या म्हणाल्या, "बाकीचे खांब तुम्ही खेळून घ्या. मी सगळी ताकद तिथे ठेवणार आहे."

त्या दिवशी आम्ही बाकीचे खांब खेळलो असं म्हणायचं इतकंच. कोणाचंच लक्ष नव्हतं. मुलीची फेक ज्वारीवाल्या गृहस्थांच्या काठीला लागली आणि त्यांनी पक्ष्यांच्या वतीने निषेध नोंदवला. बाई पुढे पुढे चालत होत्या, जवळजवळ पळत होत्या. लग्नघरात मांडवाकडे निघावं तशी चाल होती.

चौथऱ्यावर पोहोचलो. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. जलपर्णीला जांभळी फुलं आली होती. बाईंनी पिशवीतून पाण्याची तबकडी काढली, पदर पाहिला, ओरडल्या, फेकली. बरी गेली. अर्ध्यावर डगमगली आणि बसली.

चाचांनी ह्या वेळी बगळ्याचं नाव काढलं नाही.

बाई त्या तबकडीकडे पाहत उभ्या राहिल्या. तिच्या आजूबाजूला आमच्या आणखी काही होत्या, आधीच्या रविवारांच्या. फिकट, झिजलेल्या. एखाद्या भंगाराच्या दुकानासमोर उभं असल्यासारखं वाटत होतं.

"चाचा," त्या सावकाश म्हणाल्या, "ह्या सगळ्या टाकाऊच आहेत हो."

"मग? चांगल्या कोण टाकेल?"

"तेच म्हणतेय मी. पडणार म्हणून आपण टाकाऊ फेकतो. टाकाऊ म्हणून ती पडते. आणि पडली की म्हणतो, बरं झालं, चांगली नव्हती." त्यांनी पिशवीत हात घातला. "चांगलीला इथे आपण कधी विचारलंच नाही."

पिशवीतून पिवळी तबकडी आली. ती त्यांची पहिली, स्वतः विकत घेतलेली, कडा अजून धारदार. बाकी सगळे खांब त्या तिच्यावर जिंकत. घरी ती फ्रिजवर उभी ठेवलेली असे आणि नातवंडांना तिला हात लावायची परवानगी नव्हती.

"पार्टनर काकू, सिरियसली?" मुलगी म्हणाली.

"एक लायटनिंग कॉल असायचा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत महाग. त्याच्यासाठी बाकीचे कॉल थांबायचे. लोक उगाच करत नसत तो. जीव अडकला असेल तेव्हाच करत."

"खांद्याचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही बातमी लिहा. खांदा माझा आहे."

पदर वर गेला. टोक नदीकडे सरकलं, थरथरलं, खाली आलं. त्या थांबल्या. पुन्हा वर. ह्या वेळी ते उंबराच्या दिशेला उडालं आणि तसंच राहिलं.

"लाइन मोकळी आहे का?"

पलीकडून एक गृहस्थ हात हलवत, उलटे चालत येत होते. असे पुण्यात असतात.

"एंगेज्ड," चाचा पुटपुटले. "आत्ताच यायचं होतं ह्याला. आणि तेही उलटं."

आम्ही श्वास रोखून त्या माणसाकडे पाहत होतो आणि तो आमच्याकडे पाठ करून शांतपणे येत होता. खांबापाशी थांबला. कंबर वाकवून व्यायाम केला. साखळीला हात लावून पाहिला. मुलगी दात-ओठ खात होती. शेवटी तो गेला. वारा अजून तसाच होता.

"लाइन मोकळी आहे का?"

"आहे!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

त्या आडव्या वळल्या, दोन पावलं टाकली आणि हात सुटला. तोंडातून एक बारीक आवाज आला, दुखल्याचा. तबकडी निघाली ती उजवीकडे, सरळ नदीवर. "गेली," चाचा म्हणाले. ती गेली नव्हती. पाण्यावर सपाट, न डगमगता, उन्हात पिवळी चमकत ती पुढे जात राहिली. अर्धं पाणी मागे पडलं. पाणकावळे उडाले. मग कोणी हाक मारल्यासारखी ती डावीकडे वळली, कलली, खाली यायला लागली. मी बातम्यांसाठी पुष्कळ सामने पाहिले आहेत. उभं राहून ओरडल्याचं मला हे एकच आठवतं.

ती पलीकडच्या काठाला टेकली. चिखलाच्या कडेला घासली, उसळली आणि उंबराखालच्या गवतात आडवी झाली.

मुलीने किंकाळी फोडली. चाचांनी आधी टोपी उडवली आणि मग ती पाण्यात पडू नये म्हणून धावले. बाई मात्र उजवा हात डाव्या हातात धरून, डोळे मिटून उभ्या होत्या.

"लागला," त्या म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात नाही, अगदी हळू.

मुलगी पुलाकडे पळाली तशा भानावर आल्या. "ए, उचलू नकोस! पडलीय तशीच राहू दे. मला बघायचीय."

पुलावरून त्या सगळ्यांत शेवटी आल्या. गवतातल्या तबकडीभोवती एकदा फिरल्या. मग डाव्या हाताने उचलली आणि डाव्याच हाताने, तिथूनच, टोपलीत टाकली. साखळ्या खणखणल्या. त्या चौथऱ्यावरून फेकलेली तबकडी टोपलीपर्यंत पोहोचल्याची ती पहिली वेळ. चाचांनी खिशातून अत्तराची कुपी काढली आणि तबकडीच्या कडेला बोट फिरवलं. "हिना आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांचं."

त्यानंतर त्या बागेत पाण्याची तबकडी कोणी आणली नाही. चांगल्याच फेकल्या. काही गेल्या. पण पोहोचल्यासुद्धा, आधी मुलीची, मग माझी, सर्वांत शेवटी, पुष्कळ शिव्या देऊन, चाचांची.

ऑपरेशननंतर बाई पुन्हा यायला लागल्या. फेकणं खरोखरच बंद झालं होतं. पण पलीकडच्या काठावर उंबराखाली एक बाक आहे, तिथे त्या बसायच्या. आम्ही चौथऱ्यावरून विचारायचो, "लाइन मोकळी आहे का?" त्या डावी-उजवीकडे पाहायच्या, एखाद्या फिरणाऱ्याला हाताने थोपवायच्या, डाव्या हाताने पदराचं टोक वर करून आम्हाला वारा दाखवायच्या. मग पाण्यावरून आवाज यायचा, "मोकळी आहे. बोला!" त्याशिवाय कोणी फेकायचं नाही, हा नवा रिवाज झाला.

काही वर्षं तो चालला. मग एका हिवाळ्यात, बिबवेवाडीच्या घरी, झोपेतच त्या गेल्या. मुलाने आम्हाला कळवलं. पिवळी तबकडी अजून फ्रिजवरच आहे, नातवंडं अजून हात लावत नाहीत.

ती मुलगी आता नोकरी करते, तरी रविवारी येते. परवा चौथऱ्यावर उभी राहून तिने ओढणीचं टोक वर धरलं आणि ओरडली, "पार्टनर काकू, लाइन मोकळी आहे का?"

पलीकडे बाक रिकामा होता. वाटेवर कोणी नव्हतं, वारा उंबराकडे होता, साखळ्या चमकत होत्या. फेकायला हरकत नव्हती. चाचांनी टोपी सारखी केली. आम्ही तिघंही थोडा वेळ तसेच उभे राहिलो, पाण्याकडे कान देऊन.