न चमकणारी स्क्रीन

बुधवार पेठेतल्या दुकानात मी चार्जर घ्यायला गेले होते. शेजारी एक मुलगी वडिलांबरोबर कॉलेजसाठी लॅपटॉप बघत होती. जाड चष्मा, घट्ट वेणी. बाकीची मुलं सिनेमा लावून रंग पाहतात. ही बारीक अक्षरांचं पान उघडून वाचायची आणि मान तिरकी करून दिव्याची चमक कुठे पडते ते बघायची.

"बाबा, ही मॅट स्क्रीन चमकत नाही. कितीही वाचलं तरी डोळे दुखणार नाहीत. पण महाग आहे."

"असू दे महाग," वडील लगेच म्हणाले.

मला कौतुक वाटलं. "मुलीच्या अभ्यासासाठी मागेपुढे बघत नाही हो तुम्ही!"

"अहो, अभ्यासाचं काय घेऊन बसलात? चष्म्याचा नंबर वाढला तर चांगली स्थळं यायची नाहीत."

दुकानदार हसला. मीही ओशाळून हसले. मुलीने स्क्रीनवरचं पान बंद केलं.

"कुठलाही द्या," ती दुकानदाराला म्हणाली, "आमच्या घरात वाचणारी मुलगी नाही, लग्नाची मुलगी आहे."

वडिलांनी तोच लॅपटॉप घेतला. तिला हवी होती तीच स्क्रीन मिळाली, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना ती काहीतरी गमावून चालल्यासारखी दिसत होती.