विटेएवढी जागा

संत आनाच्या जत्रेत मेरेंगेचा पहिला नाच सगळ्यात जुन्या जोडप्याने नाचायचा, ही लोस गुआनोस गावाची रीत. सकाळची प्रार्थना आटोपली की झावळ्यांच्या मांडवाखालची जमीन पाणी शिंपडून झाडायची, वाजवणारे जागेवर बसायचे, आणि ते दोघे नाचल्याखेरीज दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचे नाही. ज्यांनी एकदा नकार दिला त्यांचा मान पुढच्या जोडप्याकडे जायचा. परत यायचा नाही.

नऊ वर्षे तो मान नेरेइदा आणि बासिलिओकडे होता. फेब्रुवारीत तंबाखूची पाने वाळत टांगताना बासिलिओ कोसळला, आणि उठला तेव्हा डावे हातपाय त्याचे ऐकेनासे झाले होते. तेव्हापासून तो ओसरीतल्या खुर्चीत बसून असे.

नेरेइदा शिवणकाम करी आणि गावातल्या पोरींना नाच शिकवी. परसात तिने एक वीट पुरून ठेवली होती. "हिच्यावरून उतरायचं नाही," ती सांगे. "भार या पायावरून त्या पायावर, कंबर आपोआप येते मागून. खांदे शांत. भिंतीपलीकडून फक्त डोकी दिसली, तर वाटलं पाहिजे की दोघं बोलत उभी आहेत." बासिलिओबरोबर ती चाळीस वर्षे अशीच बोलत उभी राहिली होती.

जत्रेच्या महिनाभर आधी तिची चुलत बहीण उबाल्दिना निळे कापड घेऊन आली. जुनेपणात पुढचा नंबर तिचा आणि तिच्या नवऱ्याचा होता.

"झगा शिवून दे बाई. पहिल्या नाचासाठी."

"कुणाच्या पहिल्या नाचासाठी ग?"

"तसं नव्हे. पण आता बासिलिओला कुठं..."

"हात वर कर, माप घेते. कापड पुरेल का बघावं लागेल. कंबर वाढलीय तुझी."

उबाल्दिना गेल्यावर ओसरीतून आवाज आला, "दे शिवून तिला. मान जाऊ दे तिच्याकडे. लंगडा बघायला लोक जत्रेला येत नाहीत."

"त्या सैनिकाची गोष्ट तर तूच सांगायचास सगळ्यांना."

मेरेंगेत एक पाय ओढत का नेतात, याच्या गावात दोन गोष्टी होत्या. कुणी म्हणे, उसाच्या मळ्यातल्या गुलामांच्या घोट्याला बेडी असायची, तिच्यामुळे. बासिलिओ सांगे ती दुसरी. लढाईत पाय जायबंदी झालेला एक सैनिक घरी परतला, आणि त्याला लाज वाटू नये म्हणून सारे गाव पाय ओढत नाचले. सांगताना दर वेळी तो स्वतः उठून पाय ओढून दाखवी.

"मूर्ख होता तो सैनिक," बासिलिओ म्हणाला. "गाव आपली कीव करतंय, हे कळलं नसेल त्याला?"

नेरेइदाने स्वयंपाकघरात जाऊन युकाचे कंद किसायला घेतले. राग हातात उतरला होता. किसणी खरखरत राहिली आणि हळूहळू तिला ताल सापडला. वाद्यांतली पत्र्याची गुइरा या किसणीचीच बहीण. म्हातारी माणसे सांगत की एके काळी नाचाला किसणीच वाजवत. किसता किसता नेरेइदाची नजर ओसरीकडे गेली. खुर्चीखाली बासिलिओची डावी टाच जमिनीवरून सरकत होती. उशिरा सरकत होती, पण तालात.

तिने पाहिल्याचे दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा किसायला बसली. तिसऱ्या दिवशीही. त्या किसाच्या कासाबे भाकऱ्या वाटून वाटून शेजारी दमले. दहाव्या दिवशी बासिलिओ खेकसला, "किती मंद किसतेस! हा काय मेरेंगे झाला?"

"मग उठून दाखव ना, कसा असतो तो."

तो उठला. तिच्या खांद्याचा आधार घेऊन परसात आला आणि विटेवर उभा राहिला. त्या दिवशी चार वेळा भार बदलला. महिन्याच्या शेवटी शंभर वेळा. जत्रेत येतो असे मात्र तो एकदाही म्हणाला नाही.

जत्रेच्या सकाळी नेरेइदाने त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आपले केस बांधायला घेतले. वळून पाहिले तर तो बटणे लावत होता, उजव्या हाताने, एकेक.

मांडवात सगळे बाजूला झाले. आधी हातात हात घालून एक फेरी मारायची असते. ती पार पडली. मग दोघे समोरासमोर उभे राहिले आणि अकॉर्डियन वाजवणाऱ्या किरीनोने धून धरली. हळू, अगदी हळू. ताम्बोरा ढोल बडवणाऱ्यानेही हात आखडता घेतला. गुइरा तर कुजबुजायला लागली. मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना झग्याचे टोक, रुमाल, हाताला येईल ते लावले.

बासिलिओ थांबला.

आता हा खुर्चीकडे वळला तर पुन्हा उठणार नाही, हे नेरेइदाला ठाऊक होते.

"किरीनो, कुणी गेलंय का रे?"

"नाही, काका."

"मग मयताला वाजवल्यासारखं काय वाजवतोस? नेहमीसारखं वाजव. मी मागं राहिलो तर ते माझं मी बघीन."

किरीनो शरमला, मग हसला, आणि त्याची बोटे सुटली. गुइरा खणखणली. त्यांच्या दोन ठोक्यांना बासिलिओचे एक पाऊल पडत होते, पण तालावर पडत होते. जागा विटेएवढी. नेरेइदाने त्याच्यासाठी पाय ओढला नाही. नेहमी नाचे तशीच नाचली. पाठीवर त्याचा उजवा पंजा होता, आणि कुठे वळायचे ते तो पंजाच सांगत होता.

"उबाल्दिना बघतेय का?" त्याने तिच्या कानाशी विचारले.

"खांबाजवळ उभी आहे. निळ्या झग्यात."

"घेर छान पडलाय."

"शिवलाय कुणी?"

तो हसला, तसा त्याचा तोल गेला. तिने सावरले. भिंतीपलीकडून कुणी पाहिले असते, तर वाटले असते की दोघे बोलत उभे आहेत.