पुंजारामच्या दंडाचा दोरा

पुंजाराम भर उन्हातसुद्धा अंगात तीन कपडे घालायचा. खाली गंजीफ्रॉक, त्यावर बंडी आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा. नेवाशाच्या अलीकडचं, प्रवरेकाठचं गाव. बहात्तरचं साल, पावसाचा पत्ता नाही, नदीत नुसते दगड, आणि हा गडी घामाने निथळत दुष्काळी कामावर खडी फोडतोय. सोबतचे म्हणायचे, "अरं पुंज्या, काढ की सदरा! तुझं अंग काय आमी खातो व्हय?" तो कसंनुसं हसायचा आणि पुन्हा घण उचलायचा.

आता गंमत बघा. पंचक्रोशीत त्याच्याएवढा आडदांड पैलवान दुसरा नव्हता. घराच्या दारातून आत जाताना तिरकं व्हावं लागायचं त्याला. पण हे त्याला पटेल तर शपथ! भिंतीवरच्या पत्र्याच्या आरशात बघितलं की त्याला दिसायचा एक वाळका पोरगा. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. मग तो आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, आणि दोन घटकांनी परत सरळ करायचा.

हे खूळ कुठून शिरलं, तर जत्रेतून. आपल्याकडे जोडी लावताना पैलवानांना लंगोटावर मैदानात उभं करतात. पंच नुसत्या नजरेने अंगाचा अंदाज घेतात आणि सारख्याला सारखा जोडतात. पुंजाराम चौदा वर्षांचा असताना एका पंचाने त्याचं मनगट धरून हात वर उचलला आणि गावादेखत ओरडला, "ह्या सरमाडाच्या काडीला जोड कुठनं आनू रं?" सगळं मैदान खदखदून हसलं. पंच ते संध्याकाळपर्यंत विसरला, गावही विसरलं. पुंजाराम तेवढा विसरला नाही. पुढे तो झाडासारखा वाढला, कुस्त्या मारल्या, फेटे बांधून घेतले, पण मैदानात सदरा काढायची वेळ आली की हा सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहायचा.

नूरमहंमद वस्तादांच्या तालमीत एक रीत होती. नागपंचमीला वस्ताद प्रत्येक गड्याच्या उजव्या दंडाला काळा दोरा बांधायचे, बसता, ना घट्ट ना सैल. वर्षभर तो काढायचा नाही. पुढच्या नागपंचमीला दोरा मांसात रुतला आणि कातरीने कापावा लागला, तर त्या गड्याचं वर्ष कारणी लागलं. पुंजारामचा दोरा त्याआधीच, आखाड महिन्यातच कापावा लागायचा. फक्त त्या बहात्तरच्या साली उलटं झालं. दसऱ्याला दोऱ्याखाली त्याचं एक बोट गेलं. संक्रांतीला दोन.

झालं! जीव टांगणीला लागला त्याचा. दिवसातून वीस वेळा बाहीत हात घालून दोरा ओढून बघायचा. पाचशे बैठकांच्या हजार केल्या, हजाराच्या दीड हजार, आणि वर दिवसभर घण. पोटात काय, तर रेशनची लाल मिलो ज्वारी. म्हैस कधीच आटलेली. दोरा तरी सैलच होत चालला.

त्याची बायको चांगुणा अंगाने लहानखुरी, पण डोक्याने तल्लख आणि तोंडाने तिखट. एकदा अंगणात बाजेचं सुंभ आवळताना ती थबकली. नवीन विणलेली बाज चार महिन्यांत झोळी होते, मग आवळावी लागते. बाजेवर झोपणारा काही लहान होत नाही, सुंभ लांबतं. ती तशीच उठली, वस्तादांच्या बायकोकडे, हाजराबीकडे गेली आणि त्याच रिळाचा हातभर दोरा मागून आणला. घरी येऊन तो मुसळाला बसता बांधला, गाठीवर गाठ मारून. आणि दंडाला तेल-घाम लागतो तसा रोज मुसळाला तेलपाण्याचा हात फिरवायचा, दोऱ्याखाली बोट घालून ओढायचं, असा नेम सुरू केला. तेही नवरा कामावर गेल्यावर.

फाल्गुनात पुंजारामची लघवी तांबडी झाली. दोन दिवस त्याने लपवलं. तिसऱ्या दिवशी तो भिंत धरून चालताना चांगुणाने बघितला आणि धरून नेवाशाला डॉक्टरकडे नेला. डॉक्टर तपासून म्हणाले, "बाबा रे, मेहनत झेपेना म्हणून तुझं मांसच विरघळतंय, लघवीवाटे बाहेर पडतंय. दीड महिना एक बैठक मारायची नाही. मूत्रपिंडं गेली तर मला सांगू नकोस."

शहाण्या माणसाने यातून काय घेतलं असतं? आणि याने काय घेतलं? तर मांस विरघळतंय एवढंच. म्हणजे आपण बघतो ते खरंच! घाबरून तो चार दिवस पडून राहिला. पाचव्या दिवशी चैत्रातल्या जत्रेची दवंडी झाली. दुष्काळ असला तरी देवाची कुस्ती चुकवायची नाही, असं पंचांनी ठरवलं होतं, आणि शेवटच्या कुस्तीला नाव होतं पुंजारामचं. म्हणजे सगळ्या गावापुढे सदरा काढणं आलं. त्याने बायकोची नजर चुकवून पुन्हा बैठका धरल्या.

जत्रेच्या दिवशी सकाळी चांगुणा परसात गेली, तर मोरीच्या दगडावर काकवीच्या रंगाचा ओघळ वाळत होता. घरात नवरा नव्हता. तिने उखळाजवळचं मुसळ उचललं आणि तालमीची वाट धरली.

तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणत होतं. दारातून आत बघायलासुद्धा बाया लाजायच्या. आणि ही डोक्यावरचा पदर सावरत, हातात मुसळ घेऊन, उंबरा ओलांडून थेट तांबड्या मातीच्या हौदाशी! गडी लंगोट सावरत कोपऱ्यात पळाले. मधोमध एकटा पुंजाराम, अंगात सदरा तसाच, बैठका मारतोय. तोंड पांढरंफटक, ओठ मोजतायत, "आठशे बारा, आठशे तेरा..."

"अवो, थांबा!"

"चांगुणे, भाईर हो. पाप लागंल."

"लागू द्या!" तिने वस्तादांकडे बघितलं. "मामू, मला आज हाकलू नका. ह्यांचं रगात चाललंय मोरीतनं."

म्हातारे वस्ताद बसल्या जागेवरून उठले. पुंजारामच्या दुखण्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "आत ये पोरी. काय दावायचं ते दाव."

चांगुणाने मुसळ नवऱ्यापुढे धरलं. "ह्यो तुमच्याच रिळाचा दोरा. संक्रांतीनंतर बांधला. बोट घाला खाली." त्याने घातलं. एक बोट गेलं, दुसरं अर्धं गेलं. "आता सांगा, मुसळ वाळलं व्हय? तुमी ओढून ओढून दोरा सैल केलाय. दंड तेवढाच हाय!"

कोपऱ्यातले गडी हसायला लागले. वस्तादांनी दोरा निरखला आणि कपाळाला हात लावला. "मागल्या साली रीळ मिळंना, म्हनून शेवगावच्या बाजारात दुसरं कच्चं सूत घेतलं मी. बाकीच्यांचं बी ढिलं झालंय, पन कुनी असा जीव न्हाई टाकला."

वाटलं, सुटला गुंता. पण पुंजाराम त्या दोऱ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "दोरा खोटा असंल गं," तो म्हणाला, "पन मला दिसतं त्याचं काय करू? आत्ता बी दिसतंय. काडी दिसती मला. सगळी म्हनत्यात थोराड हाईस, आन् मला काडी दिसती!" बारा वर्षांत हे त्याने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं.

मुसळाने दोरा तेवढा खोटा ठरला होता. चांगुणाने ते खाली टाकलं आणि त्याच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. "मग असा काडी! दिसू दे काडी. मी काडीसंगं संसार करीन, म्हातारी व्हईन. पन मढ्यासंगं मला न्हाई करता यायचा. ऐकू येतंय का तुमाला?"

तो आठशे तेरावर थांबला होता. आठशे चौदावी बैठक मारायला त्याने गुडघे वाकवले आणि तसाच खाली मातीत बसला. मग लहान पोरासारखा रडला. वस्ताद खांद्यावर टॉवेल टाकून पंचांकडे गेले आणि शेवटची कुस्ती रद्द झाल्याचं सांगून आले. दुपारी मैदानात हलगी वाजत होती तेव्हा पुंजाराम बैलगाडीत आडवा होऊन नेवाशाच्या रस्त्याला लागला होता.

पुढे नगरच्या दवाखान्यात वीस दिवस आणि घरी बाजेवर दोन महिने. मूत्रपिंडं वाचली. पण अंग मात्र आता खरंच उतरलं. दंड आले अर्ध्यावर, गळ्याची हाडं वर दिसायला लागली. ज्याला तो बारा वर्षं भ्याला होता, तेच त्याच्या पुढ्यात येऊन बसलं. आणि आश्चर्य म्हणजे दिवस उगवत होता, चांगुणा भाकरी वाढत होती, भांडतही होती. आरसा सरळच टांगलेला होता. त्यातला पोरगा अजून म्हणायचा, "काडी." पुंजाराम म्हणायचा, "असंल," आणि दाढी करायला लागायचा. रोज जमायचं असं नाही. काही दिवस तो पांघरुणातून बाहेर यायचा नाही.

त्र्याहत्तरच्या नागपंचमीला तो तालमीत गेला. सगळे दंड पुढे करून ओळीत बसलेले. वस्तादांकडे नवं रीळ होतं, पक्क्या सुताचं. पुंजारामने ओळीत उभं राहून आधी सदरा काढला, मग बंडी, मग गंजीफ्रॉक. वस्तादांनी दोरा उलगडला. "बांधू का रं?"

पुंजारामने आपल्या दंडाकडे बराच वेळ बघितलं. "नगं वस्ताद," तो म्हणाला. "आज मला मोजू नका. मी नवख्या गड्यांना डाव शिकवतो."

संध्याकाळी तो घरी आला, तर चांगुणा दारात कांडत बसली होती. सगळ्या आळीतून, लोकांच्या डोळ्यांदेखत, तो उघड्या अंगाने चालत आला होता. तिन्ही कपडे खांद्यावर. तिचं मुसळ हातातच राहिलं. त्यावर तो काळा दोरा अजून तसाच होता.

"अवो," ती म्हणाली, "सदरा?"

"लई उकडतंय गं," पुंजाराम म्हणाला, आणि पाणी मागून तिथंच उंबऱ्यावर बसला.